माध्यमिक शाळेचे एक वर्ष : बुलढाणा जिल्ह्यातील उपक्रम, परीक्षा आणि आपली जबाबदारी

विदर्भातील उन्हाळा कडक असल्यामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीशा उशिरा, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. त्यानंतर दिवाळीपर्यंत प्रथम सत्र आणि दिवाळीच्या सुटीनंतर एप्रिलपर्यंत द्वितीय सत्र अशी वर्षाची विभागणी होते. या दोन सत्रांत माध्यमिक शाळेत किती उपक्रम पार पडतात याची कल्पना पालकांना क्वचितच असते. वृक्षारोपण, चित्रकला परीक्षा, विज्ञान प्रदर्शन, क्रीडास्पर्धा, शिष्यवृत्ती परीक्षा, सहल, नाताळ, स्नेहसंमेलन आणि शेवटी शालान्त परीक्षा अशी ही मोठी मालिका आहे. या उपक्रमांचे वृत्त आपण वाचतो, यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक करतो. परंतु यांपैकी प्रत्येक उपक्रम आपल्या मुलांना पुढे काय मिळवून देतो आणि त्यासाठी कोणत्या वेळी काय करावे लागते, याची एकत्रित माहिती धर्मग्रामातील कुटुंबांजवळ असावी, या हेतूने हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

जिल्हा आणि त्याची शाळा

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा भाग म्हणजे ‘घाटावर’ आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा भाग म्हणजे ‘घाटाखाली’, असे येथील लोक बोलतात. उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांना सातपुडा भिडलेला आहे व त्या पायथ्याशी आदिवासी बांधवांची गावे आहेत. कापूस आणि सोयाबीन ही जिल्ह्याची मुख्य पिके. शाळेच्या वेळापत्रकावर या पिकांचा मोठा परिणाम होतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी नेमकी प्रथम सत्र परीक्षेच्या सुमारास येते आणि त्या दिवसांत अनेक वर्गांतील बाके रिकामी दिसतात. काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात व त्यांच्यासोबत मुलेही जातात.

धर्मसत्तेच्या दृष्टीने हा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतातून १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. या प्रदेशात ख्रिस्तसभेच्या कार्याचा पाया घालणाऱ्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघातील धर्मगुरूंनी शिक्षणाला अग्रस्थान दिले. नागपूरची त्यांची शाळा १८७० पासूनची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात शिक्षण हा प्रत्येक मनुष्याचा हक्क असल्याचे सांगून, आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक आहेत असे स्पष्ट केले आहे. या जाहीरनाम्याच्या साठाव्या वर्षानिमित्त २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी शिक्षणावर प्रेषितीय पत्र लिहून त्याच शिकवणीचे स्मरण करून दिले.

पावसाळ्याचे महिने : जुलै ते सप्टेंबर

शाळा उघडताच पाठ्यपुस्तके, प्रवेश आणि गणवेश यांची धांदल असते. १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून साजरा होतो. शाळांत वृक्षारोपण बहुधा याच आठवड्यात होते. झाड लावल्यानंतर त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी कोण घालणार याची वाटणी वर्गावर्गांत त्याच दिवशी केली, तर घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातही रोपे टिकतात.

१५ ऑगस्ट या दिवशी आपल्या शाळांत दुहेरी आनंद असतो. राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण एकाच तारखेस येतात. ध्वजवंदन शाळेत आणि मिस्साबलिदान चर्चमध्ये, अशी त्या दिवसाची रचना सर्वत्र रूढ आहे. ५ सप्टेंबर या दिवसालाही असाच दुहेरी अर्थ प्राप्त झाला आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा हा जन्मदिन शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. १९९७ मध्ये याच तारखेस मदर तेरेसा यांचे निधन झाले आणि २०१६ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. कोलकात्यात गरिबांची सेवा सुरू करण्यापूर्वी त्या स्वतः अनेक वर्षे शाळेत शिक्षिका होत्या, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. पुढे १४ सप्टेंबरला हिंदी दिन आणि १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन येतो. धर्मग्रामाच्या ग्रंथालयातील जुने ‘निरोप्या’ अंक शाळेला वाचनासाठी देण्याची ही चांगली संधी आहे. हे मासिक १९०३ पासूनचे असून मराठी ख्रिस्ती गद्याचा तो मोठा ठेवा आहे.

चित्रकला, विज्ञान आणि क्रीडा

प्रथम सत्रातील एका परीक्षेकडे पालकांचे लक्ष कमी असते. ती म्हणजे कला संचालनालयाची शासकीय रेखाकला परीक्षा. तिचे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट असे दोन टप्पे आहेत. इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाल्यास दहावीच्या निकालात ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३ वाढीव गुण मिळतात. शाळा साधारणपणे आठवीत पहिली आणि नववीत दुसरी परीक्षा देण्याचा सल्ला देतात, कारण दहावीच्या वर्षात त्यासाठी सवड राहत नाही. रंगपेटी आणि कागद यांचा खर्च न परवडल्यामुळे चांगला हात असलेली मुले मागे राहतात. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखांनी किंवा महिला मंडळांनी वर्षातून एकदा एवढा भार उचलला तरी काही मुलांच्या गुणपत्रिकेवर त्याचा थेट परिणाम दिसेल.

विज्ञान प्रदर्शन तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी चढत जाते. यासोबत केंद्र शासनाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर मानक’ ही योजना आहे. शाळेने सुचविलेल्या विद्यार्थ्याची कल्पना निवडली गेल्यास प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. येथे चकचकीत विकतच्या प्रतिकृतीपेक्षा स्वतःच्या गावातील अडचण ओळखून तिच्यावर शोधलेला उपाय अधिक मोलाचा ठरतो. कापूस वेचताना आईच्या पाठीवर पडणारा ताण किंवा खारट विहिरीचे पाणी, असे विषय आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज असतात. मात्र बँकेतील खाते, आधार क्रमांक आणि शाळेच्या नोंदीतील नाव जुळत नसल्यास रक्कम अडकते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील नाव आणि शाळेतील नाव यांत फरक असणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ही दुरुस्ती सत्राच्या प्रारंभीच करून घ्यावी.

शालेय क्रीडास्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. जिल्ह्यातून अमरावती विभागात आणि तेथून राज्य पातळीवर संघ जातो. शासनाने ठरविलेल्या पातळीवरील कामगिरीस दहावीत वाढीव गुण मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत वेळेत पाठविलेला प्रस्ताव दोन्ही आवश्यक असतात. स्काउट-गाइड, हरित सेना आणि रस्ता सुरक्षा पथक यांचे कार्यही याच काळात चालते. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी प्रवासी बसला आग लागून २५ जणांनी प्राण गमावले. त्या दुर्घटनेनंतर आपल्या जिल्ह्यात रस्ता सुरक्षेचा धडा केवळ पुस्तकातला राहिलेला नाही.

शिष्यवृत्ती : तारखा चुकवू नयेत

सत्रातील सर्व उपक्रमांत, गरीब कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आठवीतील ‘राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा’. शिक्षक तिला ‘एनएमएमएस’ या नावाने ओळखतात. २००८ मध्ये केंद्र शासनाने ही योजना सुरू केली. महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा घेते. तिची मुख्य सूत्रे अशी आहेत :

पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे.

विद्यार्थी सातवीत किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असावा. अनुसूचित जाती-जमातींसाठी यात ५ टक्क्यांची सवलत आहे.

बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी अशा दोन प्रश्नपत्रिका असतात.

निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी या चार वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र दरवर्षी पुढील वर्गात जाणे आणि नूतनीकरणाचा अर्ज भरणे बंधनकारक आहे.

ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे.

यांतील शेवटचे सूत्र आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. आपल्या समाजात इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेची ओढ मोठी आहे आणि तीत गैर काही नाही. परंतु विनाअनुदानित शाळेतील मुलास ही परीक्षा देता येत नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी माहीत असावे. हुशार पण गरीब मुलासाठी अनुदानित मराठी शाळा हा दुय्यम पर्याय नाही. चार वर्षांत मिळणारे ४८,००० रुपये आणि मातृभाषेतून पक्की होणारी समज, हे दोन्ही लाभ तेथेच मिळतात.

परीक्षा परिषदेचीच पूर्व उच्च प्राथमिक आणि पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीसाठी करण्यात आली. २०२५ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे संक्रमणाच्या काळात आपल्या पाल्याची इयत्ता कोणत्या परीक्षेस पात्र आहे, याची मुख्याध्यापकांकडून खात्री करून घ्यावी.

अल्पसंख्याक समाजातील पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. ज्या कुटुंबांचे वार्षिक वह्या-पुस्तकांचे गणित या रकमेवर बसविलेले होते त्यांना याचा फटका बसला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, मूळ अनुसूचित जातीतील परंतु ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात मात्र अशा कुटुंबांचा समावेश इतर मागासवर्गात केलेला आहे. जातीचा दाखला काढण्यास अनेक महिने लागतात. दहावीनंतर धावपळ करण्यापेक्षा तो आठवी-नववीतच काढावा, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

सहल आणि परिसराची ओळख

शैक्षणिक सहलीसाठी दूर जावे असे शाळांना वाटते. परंतु या जिल्ह्यातच दोन स्थळे अशी आहेत की त्यांच्यासाठी दुरून लोक येथे येतात. लोणार येथील सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा देशभर कुतूहल निर्माण झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे दिसून आले. त्याच वर्षी सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. विवराच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जुन्या मापनात ते सुमारे ५२,००० वर्षे मानले गेले, तर नंतरच्या मापनात सुमारे ५,७०,००० वर्षे असे उत्तर आले. विज्ञानातील उत्तरे नव्या पुराव्याने बदलतात हे शिकविण्यास यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

दुसरे स्थळ सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा येथे जन्म झाला. लखुजी जाधवांचा राजवाडा पाहताना मुलांनी वही-पेन्सिल घेऊन दरवाजाचे, कमानींचे रेखाटन केले तर इतिहास आणि चित्रकला यांची सांगड बसते. मराठी भाषा गौरव दिनाच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या निमित्ताने मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचीही ओळख करून द्यावी. सिंदखेडराजा हे त्यांचे जन्मगाव आणि ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना १९८६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सहलीची परवानगी देताना पालकांनी शिक्षिका सोबत आहेत काय, गाडी कोणती आहे आणि संपर्क क्रमांक कोणता, हे निःसंकोच विचारावे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत ‘सखी सावित्री समिती’ असावी असा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक मुलास तोंडपाठ असावा.

मुलींचे शिक्षण : बुलढाण्याचा वारसा आणि नववीचा उंबरठा

बुलढाण्यात वाढलेल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या लहानपणी गावात मुलींची शाळा नव्हती. वडील बापूजी हरी शिंदे यांनी त्यांना घरीच शिकविले. त्या पुस्तकावर त्या काळी टीकेची झोड उठली आणि महात्मा फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली. आज स्त्रियांच्या प्रश्नावरील आधुनिक भारतातील आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. एका वडिलांनी मुलीला शिकविण्याचे ठरविले, म्हणून हे पुस्तक जन्मास आले.

तो निर्णय आजही घराघरांत घ्यावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांस, म्हणजे आठवीपर्यंत आहे. गावातील जिल्हा परिषद शाळा सातवी किंवा आठवीला संपते आणि माध्यमिक शाळा पाच-सात किलोमीटरवर असते. शाळा सोडण्याचा खरा धोका या टप्प्यावर आहे. आठवी झालेली मुलगी ‘घरी मदतीला’ म्हणून थांबली की तिचे नाव हजेरीपटावरून कधी नाहीसे झाले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एसटी महामंडळाची मुलींसाठी मोफत पास योजना आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत जिल्ह्यातील काही तालुक्यांत मुलींसाठी बस आणि सायकलची सोय झाली आहे. या सोयी मागितल्यावाचून मिळत नाहीत. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि १२ जानेवारीची जिजाऊ जयंती यांच्या दरम्यान शाळांत भाषणे, पोवाडे आणि वेशभूषा होतात. त्याच दहा दिवसांत ‘आपल्या धर्मग्रामातील आठवी झालेली प्रत्येक मुलगी नववीत आहे ना?’ हा प्रश्न विचारला जावा, असे आम्हांस वाटते.

नाताळ आणि स्नेहसंमेलन

डिसेंबरमध्ये मिशनच्या शाळांत नाताळचा कार्यक्रम हा वर्षाचा उत्कर्षबिंदू असतो. गव्हाणीचा देखावा, नाताळगीते आणि नाटिका यांत सर्व धर्मांची मुले उत्साहाने भाग घेतात. भारतीय संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाही विद्यार्थ्यावर संमतीवाचून धार्मिक शिक्षण लादता येत नाही. आपल्या शाळा ही मर्यादा आदराने पाळतात. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी नीतिशिक्षण अशी व्यवस्था रूढ आहे. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनी उद्देशिकेचे वाचन होते, तेव्हा या दोन्ही कलमांचा अर्थ मोठ्या वर्गांस समजावून सांगावा.

३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को यांचा सण. मुलांना शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर समजूत, धर्मश्रद्धा आणि प्रेमळपणा यांनी घडवावे ही त्यांची पद्धत होती. पारितोषिक वितरणात पहिल्या तीन क्रमांकांसोबतच, वर्षभर न चुकता शाळेत आलेल्या मुलालाही व्यासपीठावर बोलवावे. कापूस वेचणीच्या दिवसांतही ज्याची हजेरी पूर्ण आहे, त्याने मिळविलेले यश लहान नाही.

दहावीचे वर्ष

शालान्त परीक्षा राज्य मंडळाच्या अमरावती विभागीय मंडळामार्फत होते. परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. विज्ञान व इतर विषयांचे तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण लेखी परीक्षेपूर्वीच निश्चित होतात. प्रयोगवही अपूर्ण ठेवणारा विद्यार्थी ते हातचे गमावतो. एनएमएमएसधारक विद्यार्थ्यास अकरावीत शिष्यवृत्ती चालू ठेवण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे.

धर्मग्रामाने काय करावे?

प्रत्येक धर्मग्रामात चार गोष्टी सहज करता येतील. पहिली, जुलैच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर आठवी ते दहावीच्या मुलांची यादी तयार करणे. दुसरी, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, आधार आणि बँक खाते यांसाठी एक दिवस मदतकेंद्र चालविणे. तिसरी, ज्या घरात वीज, जागा किंवा शांतता नाही तेथील मुलांसाठी संध्याकाळी सभागृह अभ्यासिका म्हणून उघडे ठेवणे. चौथी, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना नातेवाइकांकडे अथवा वसतिगृहात ठेवण्याची सोय दिवाळीपूर्वीच पाहणे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही; वेळेवर आठवण करून देणारी काही माणसे लागतात.

सत्राच्या शेवटी सूचनाफलकावर लागणारी यशस्वी विद्यार्थ्यांची नावे वाचताना आपणा सर्वांस आनंद होतो. पुढील वर्षी त्या यादीत आपल्या धर्मग्रामातील एखादे नवे नाव असावे यासाठी आजच प्रयत्नांस लागू या. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या सर्वांवर, नाझरेथच्या घरी ज्ञानाने आणि वयाने वाढलेल्या प्रभू येशूचा आशीर्वाद राहो, हीच प्रार्थना.